बंद पडलेले मोबाईल नेमके कोणाच्या हाती द्यावेत?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगर भागात असून तिच्यात ८४ सदनिका आहेत. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत खणांतून आणि माळ्यांवरून जे जुने मोबाईल निघतील ते घंटागाडीत न टाकता माझ्याकडे आणून द्यावेत, अशी सूचना मी सचिव या नात्याने फलकावर लावली होती. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की आज माझ्याकडे बिस्किटांच्या दोन मोठ्या पत्र्याच्या डब्यांत मिळून ६३ फोन, चार्जरच्या तारांचा एक गुंता आणि काही सुट्या बॅटऱ्या जमल्या आहेत. पाच बॅटऱ्या फुगलेल्या आहेत आणि एका फोनचे मागचे झाकण तर तळणीतल्या पुरीसारखे वर आले आहे. सौभाग्यवतींनी हे डबे घरात ठेवण्यास साफ नकार दिल्यामुळे सध्या ते गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आहेत.

हे साहित्य ‘अधिकृत ठिकाणी द्या’ हे उत्तर मला माहीत आहे, आणि माझी अडचण नेमकी तेथेच सुरू होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही असेच फोन गोळा करून ई-कचरा संकलनाचा फलक लावलेल्या एका गाडीला दिले होते. त्यात माझ्या वडिलांचा नोकिया ११०० होता, ज्याच्या पाठीवर त्यांनी सप्तशृंगीचे छोटे चित्र चिकटवले होते. पंधरा दिवसांनी सातपूर भागातील एका भंगाराच्या दुकानात जुन्या लोखंडी खाटेचा सौदा करायला गेलो असताना, फोनच्या रिकाम्या झाकणांच्या ढिगात तेच चित्र असलेले झाकण मला दिसले. दुकानदाराला विचारले, तेव्हा बोर्ड (फोनच्या आतल्या, चिपा बसवलेल्या सर्किटच्या पट्ट्या) ‘पुढे गेले’ आणि प्लास्टिक राहिले, एवढेच तो म्हणाला. पुढे म्हणजे कोठे, हे त्याने सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही फार खोदून विचारले नाही.

यावेळी तसे होऊ नये अशी इच्छा आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याची पारख कशी करावी, फोन शेवटपर्यंत योग्य जागी पोहोचला हे समजण्याचा काही मार्ग आहे का, आणि एवढी खटपट करण्याइतके विष एका मुठीत मावणाऱ्या यंत्रात खरोखर असते का, या तीन गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात. फोनमधल्या जुन्या छायाचित्रांची आणि बँकेच्या माहितीची चिंता अनेक सभासदांना आहे, त्यावरही कोणी लिहिले तर बरे होईल.

डेड सेट:

गेली एकोणीस वर्षे मी कोल्हापुरात मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना आठवडाभर थांबता येईल, पण फुगलेल्या बॅटरीला थांबता येत नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

डबे गच्चीवरून आजच खाली आणा. लिथियम-आयन बॅटरीतील द्रवाचे हळूहळू विघटन होऊन वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे बॅटरीचे पाकीट फुगते. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या डब्यात ही क्रिया आणखी वेगाने होते. फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून ‘हवा काढणारे’ महाभाग मी पाहिले आहेत. आतील दोन थरांमध्ये कागदाहून पातळ पडदा असतो, तो फाटला की दोन्ही टोके आतल्या आत जोडली जातात आणि बॅटरी पेट घेते. त्या द्रवातील क्षारात फ्लोरीन असल्याने निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, जो फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा करतो. तेव्हा टोचू नका, दाबू नका, फोनमध्ये चिकटवलेली असेल तर उचकटून काढण्याचा प्रयत्नही करू नका. सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. फुगलेल्या पाचही बॅटऱ्या आणि तो पुरी झालेला फोन कोरड्या वाळूत, एकमेकांना न चिकटतील अशा अंतराने, मातीच्या कुंडीत किंवा जुन्या लोखंडी बादलीत ठेवा. वर झाकण घट्ट बसवू नका. भांडे सावलीत, जिन्याच्या वाटेपासून आणि गॅस सिलिंडरपासून दूर असावे. ही वस्तू कुरियरनेही पाठवायची नसते. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने नेण्यास मनाई आहे आणि कुरियरचे पार्सल कोणत्या वाटेने जाईल हे आपल्या हाती नसते.

जुन्या मंडळींना २००७ चा ऑगस्ट आठवत असेल. नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या सदोष असू शकतात म्हणून बदलून देण्याचे जाहीर केले होते, आणि आठवडाभर माझ्या दुकानासमोर लोक बॅटरी हातात धरून तिच्यावरचा क्रमांक वाचून घ्यायला येत होते. बॅटरीची भीती लोकांना एकदाच वाटली, ती तेव्हा.

आता माहितीविषयी. जे फोन चालू होतात त्यांतून आधी गूगलचे किंवा अॅपलचे खाते काढा आणि मगच ‘फॅक्टरी रीसेट’ करा. हा क्रम उलटला तर फोनला कुलूप लागते आणि तो कोणाच्याही कामाचा राहत नाही, मग दुरुस्त करून वापरता आला असता असा सेटही भंगारात जातो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अँड्रॉइड फोनमध्ये नुसत्या रीसेटने माहिती पूर्ण पुसली जातेच असे नाही. त्यांत सेटिंगमधून आधी ‘एन्क्रिप्ट फोन’ करून नंतर रीसेट करावा. सिम आणि मेमरी कार्ड काढायला लोक हमखास विसरतात, माझ्याकडे अशा कार्डांची एक बरणी भरली आहे. पूर्ण बंद पडलेल्या सेटमधली माहिती बोर्डावरच्या चिपमध्ये तशीच असते. घरी हातोडा किंवा ड्रिल चालवण्याचा मोह आवरा, कारण खाली बॅटरी असते. ओळखीच्या कारागिराकडून बॅटरी वेगळी करून घ्या आणि बोर्ड माहितीसह नष्ट झाल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या ठिकाणीच द्या.

तुमच्या झाकणाच्या गोष्टीबद्दल एक कबुली देतो. आमच्या दुकानांतून निघालेले मेलेले बोर्ड वजनावर विकत घेणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, आणि अनेक वर्षे मीही त्याला ते विकले आहेत. एकदा मी त्याला हे कोठे जातात असे विचारले. तो ‘दिल्ली’ म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

रांजणगाव:

मी पुनर्चक्रण करणाऱ्या एका नोंदणीकृत कारखान्यात सहा वर्षे काम केले आहे. आता त्या व्यवसायात नाही, त्यामुळे कोणाची जाहिरात करण्याचा प्रश्न नाही.

प्रथम विषाबद्दल, कारण त्यात अतिशयोक्ती फार होते. मोबाईलमध्ये पारा असतो असे अनेक पत्रकांत छापलेले असते. पारा मुख्यतः जुन्या लॅपटॉपच्या आणि चपट्या टीव्हीच्या पडद्यामागील नळ्यांत असे, मोबाईलच्या पडद्यामागे एलईडी असतात. कॅडमियम नव्वदच्या दशकातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत होते. शिशाचे मात्र खरे आहे. पूर्वीच्या डाखात, म्हणजे सोल्डरमध्ये, साधारण ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असे. युरोपने जुलै २००६ पासून शिशावर मर्यादा घातल्यानंतर कथील, चांदी आणि तांब्याचे डाख रूढ झाले. आपल्याकडेही २०११ च्या नियमांनी शिसे, पारा, षट्संयोजी क्रोमियम आणि दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त रसायने ०.१ टक्क्याच्या आत, तर कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत ठेवण्याची मर्यादा आणली. याचा अर्थ तुमच्या डब्यातला नोकिया ११०० च्या पिढीतला फोन आणि चार वर्षांपूर्वीचा फोन विषाच्या दृष्टीने सारखे नाहीत. याखेरीज बोर्डाच्या काचतंतूत आग रोखणारी ब्रोमीनयुक्त रसायने असतात, काही स्प्रिंगांमध्ये बेरिलियम मिसळलेले तांबे असते आणि बॅटरीत कोबाल्ट व निकेल असते.

खणात पडून असलेला अखंड फोन सहसा कोणाला विष देत नाही. त्याचा धोका बॅटरीपुरता असतो. तो फोडला, जाळला किंवा आम्लात बुडवला की बाकीचे सगळे सुरू होते. ‘दिल्ली’ म्हणजे बहुधा तेथील सीलमपूर हा ई-कचऱ्याचा बाजार, आणि तेथून पुढे बोर्डांची एक मोठी वाट पितळेसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादला जात आली आहे. बोर्ड तव्यावर किंवा शेगडीवर तापवतात, डाख वितळला की चिमट्याने चिपा उचलून विकण्याजोग्या बाजूला काढतात, आणि ते करणारा माणूस डाखाचा व जळत्या राळेचा धूर दिवसभर छातीत घेतो. उरलेला बोर्ड सोन्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात टाकतात. त्यातून तांबूस वाफा निघतात आणि काम झाल्यावर धातू विरघळलेले ते पाणी नाल्यात सोडले जाते. तांब्यासाठी बोर्ड उघड्यावर जाळले की ब्रोमीनयुक्त रसायनांपासून डायॉक्सिनच्या जातीचे अतिविषारी पदार्थ तयार होतात. मुरादाबादमध्ये रामगंगेच्या काठावर या राखेचे ढीग साचले होते आणि तो विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला.

एवढा उपद्व्याप कशासाठी, याचे उत्तर एका आकडेवारीत आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार तेव्हाच्या सरासरी फोनमध्ये, बॅटरी वगळून, सुमारे १६ ग्रॅम तांबे, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०३४ ग्रॅम सोने आणि ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम असे. त्या हिशेबाने तुमच्या ६३ फोनमध्ये मिळून साधारण एक किलो तांबे, २२ ग्रॅम चांदी आणि दोन ग्रॅमपेक्षा थोडे अधिक सोने निघावे. फोनची घडण आता बदलली आहे, तेव्हा हा आकडा अंदाजापुरता घ्यावा. पण मंगळसूत्रातल्या चार-सहा मण्यांइतके का होईना, सोने त्या बिस्किटाच्या डब्यात आहे. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जपानी लोकांनी दान केलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली गेली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत त्यासाठी ६२ लाखांहून अधिक मोबाईल जमा झाले आणि एकूण ३२ किलो सोने मिळाले.

कारखान्यात काय होते ते थोडक्यात सांगतो. माल वजनकाट्यावर तोलून नोंदवला जातो आणि पहिल्याच टेबलावर हाताने बॅटऱ्या काढून वेगळ्या केल्या जातात, कारण एक बॅटरी जरी चुकून तुकडे करणाऱ्या यंत्रात गेली तरी आग लागते. माझ्या सहा वर्षांत असे तीन वेळा झाले, आणि एकदा तर रबरी कव्हरात राहून गेलेल्या एका चपट्या बॅटरीने आख्खी पाळी थांबवली होती. नंतर धूर व धूळ ओढून घेणाऱ्या झडपेखाली पडदा, कॅमेरा, स्पीकरचे चुंबक, कंपनाची छोटी मोटर असे भाग सुटे होतात. बोर्डांतून धातू काढण्याचे काम देशात काही थोड्या ठिकाणी होते. बरेच बोर्ड परदेशातील मोठ्या भट्ट्यांकडे जातात, उदाहरणार्थ बेल्जियममधील होबोकेनला, जेथे ते तांब्याबरोबर वितळवून सोने, चांदी, पॅलेडियम नंतर वेगळे करतात आणि धूर धुऊनच बाहेर सोडतात. उरलेला घातक गाळ आपल्याकडे तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या केंद्रांत पाठवावा लागतो. गल्लीतल्या आणि कारखान्यातल्या कामातला मोठा फरक या शेवटच्या खर्चात आहे. आम्लाचे पाणी शुद्ध करणे आणि गाळ पैसे भरून पुरणे ज्याला करावे लागत नाही, तो फोनला नेहमीच जास्त भाव देऊ शकतो.

आता पारख. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत नोंदणी चारच प्रकारच्या घटकांची होते: वस्तू बनवणारे, बाजारात आणणारे उत्पादक, नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रण करणारे. २०१६ च्या नियमांत सुटे भाग करणाऱ्यांना स्वतंत्र स्थान होते, ते आता राहिलेले नाही. त्यामुळे गाडीवाल्याने ‘आम्ही अधिकृत डिसमँटलर’ असे जुने पत्र दाखवले तर ते पुरेसे समजू नये. संस्थेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवरील पुनर्चक्रण करणाऱ्यांच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत वाचावी. गाडीवाला केवळ गोळा करणारा असेल, तर तो माल कोणत्या नोंदणीकृत कारखान्याला देतो ते लेखी मागावे आणि त्या कारखान्याला थेट फोन करून विचारावे. पावतीवर ‘ई-कचरा, एक नग डबा’ असे लिहून घेऊ नका. फोनची संख्या, बॅटऱ्यांची संख्या आणि वजन हवे. तुमच्या वेळी फोनची संख्या लिहिलेली होती का?

गोदाकाठ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डबे त्याच संध्याकाळी खाली आणले. फुगलेल्या बॅटऱ्या जिन्यामागच्या मोकळ्या जागेत वाळूच्या कुंडीत ठेवल्या आहेत. वाळू इमारतीच्या रंगकामातून उरलेली होती, ती आधी दोन दिवस उन्हात वाळवली. पावती जुन्या धारिकेत सापडली. तीवर ‘मिश्र ई-कचरा, अंदाजे ९ किलो’ एवढेच आहे, फोनची संख्या नाही आणि कारखान्याचे नावही नाही.

मांजराकाठ:

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ई-कचऱ्याचा फलक लावलेली गाडी कधीच आलेली नाही. तेथे दर पंधरवड्याला मोटारसायकलवर भोंगा बांधलेला माणूस येतो आणि ‘बंद मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या’ असे ओरडत फिरतो. पूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी येत, त्याच घरांपुढे आता हा उभा राहतो. माझ्या आईने दोन फोनच्या बदल्यात पिठाचा डबा घेतला होता, आणि त्यांतल्या एका फोनमध्ये तिच्या पासबुकाचे छायाचित्र होते, हे नंतर लक्षात आले.

ही बाब कचऱ्यापुरती राहत नाही. २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी बिहारच्या काही तरुणांना पकडले, तेव्हा त्यांच्याकडे असे दारोदार फिरून जमवलेले सुमारे ४,००० जुने मोबाईल सापडले होते, आणि ते सायबर फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना पुरवले जात असल्याचे पोलिसांनी सांगितले. बोर्डासोबत त्या फोनचा आयएमईआय क्रमांकही, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, जातो. सोसायटीत नोंदवही ठेवणार असाल, तर चालू असलेल्या फोनवर *#०६# दाबून हा क्रमांक टिपून घ्यावा, बंद फोनचा क्रमांक खोक्यावर किंवा बॅटरीखालच्या चिठ्ठीवर मिळतो.

सुका कचरा:

‘रांजणगाव’ यांचे विवेचन मोलाचे आहे, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीचा कचरा अनेक वर्षे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या १९९३ पासूनच्या संघटनेतून ही संस्था उभी राहिली. त्या ताईंना कोणत्या घरात काय पडून आहे हे महापालिकेपेक्षा जास्त ठाऊक असते. भंगारवाल्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. उरलेला कचरा गोळा करणारे हात आपल्या देशात बहुतांशी याच लोकांचे आहेत. गोळा करण्यात ते तरबेज आहेत. त्यांनी फोन फोडू नये एवढेच हवे, आणि अखंड फोनला फोडलेल्या फोनपेक्षा चार पैसे जास्त मिळाले तरच ते होईल. पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनाच्या किती टक्के पुनर्चक्रण करवून घ्यायचे, याची लक्ष्ये नियमांनी कंपन्यांना दिली, २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षे ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. पण या सगळ्या हिशेबात फोन देणाऱ्या घराला किंवा तो उचलणाऱ्या बाईला काय मिळणार, याचा विचार मला दिसत नाही. जो माणूस तुमच्या दारात येऊन पन्नास रुपये देतो, त्याला नाकारून दुसऱ्याला फुकट द्या आणि वर त्याचे कागदही तपासा, ही अपेक्षा इंदिरानगर किंवा कोथरूड पूर्ण करील, मांजराकाठचे गाव करणार नाही.

दुसरे असे की ६३ पैकी किती फोन खरोखर मेलेले आहेत, हे कोणी पाहिले आहे का? फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, त्यामुळे बॅटरी किंवा पडदा बदलून आणखी दोन वर्षे चालणारा फोन कारखान्यात पाठवणे हे शहाणपणाचे नाही.

रांजणगाव:

अखंड फोनला जास्त भाव मिळावा, हे पूर्णपणे मान्य. आमच्या कारखान्यानेही काही भंगार व्यापाऱ्यांशी तसा करार केला होता आणि तो दीड वर्ष चालला. सोन्याचा भाव चढला तसे अखंड फोन येणे कमी होऊन ‘बोर्ड नसलेले’ फोन येऊ लागले, आणि वजन भरण्यासाठी काहींच्या आत दगडी चुरा निघाला. म्हणून माझा आग्रह एवढाच, की भंगारवाल्याच्या हाती द्यायचे असेल तर मध्ये मोजणारा कोणीतरी हवा. ‘स्वच्छ’सारखी संस्था असेल तर ती मोजते, सातपूरच्या दुकानात कोणी मोजत नाही. ही लक्ष्ये पूर्ण केल्याचा पुरावा म्हणून लागणारी पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे कंपन्यांना विकून कारखान्याला जो पैसा मिळतो, त्यातला वाटा गोळा करणाऱ्यापर्यंत जावा, हे तुमचे म्हणणे मात्र मी या क्षेत्रात असताना अनेकदा मांडले होते आणि दर वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर ऐकले होते.

डेड सेट:

‘सुका कचरा’ यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, आणि तो केवळ धंद्यापोटी नाही. नाशिकमधला कोणीही बरा कारागीर ६३ सेट एका दुपारी तपासून देईल. तीन ढीग करायला सांगा: चार्ज होऊन चालू होणारे, बॅटरी किंवा चार्जिंगची पट्टी बदलून चालू होतील असे, आणि मेलेले. एक सूचना जुन्या की-पॅड फोनांबद्दल. ते चालू स्थितीत असतील तर ठेवून द्या. घरातल्या वृद्धांना आणि शेतावर राखणीला असणाऱ्यांना अजूनही ते हवे असतात. मात्र जे ४जीच्या आधीचे केवळ ३जी फोन आहेत, त्यांवर डेटा चालेलच अशी आशा कोणाला दाखवू नका. बहुतेक कंपन्यांनी ती सेवा गुंडाळली आहे.

गोदाकाठ:

मंडळी, झालेले काम कळवतो. आमच्याच गल्लीतल्या एका कारागिराने रविवारी दुपारी सोसायटीच्या सभागृहात बसून सगळे फोन पाहिले. ११ फोन सरळ चालू झाले, ८ फोन बॅटरी बदलल्यावर चालतील असे निघाले, आणि ४४ मेलेले ठरले. चालू फोन ज्यांचे होते त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर खाती काढून आणि रीसेट करून घेतले. या एका कामाला तीन तास लागले, कारण निम्म्या लोकांना आपला पासवर्ड आठवत नव्हता. दोन आजोबांनी मात्र फोन परत मागून घेतले आणि ते आम्ही मुकाट्याने दिले.

पुनर्चक्रण करणाऱ्यांच्या यादीतून तीन कारखान्यांना फोन केले. एकाने ५०० किलोपेक्षा कमी मालासाठी गाडी पाठवत नसल्याचे सांगितले, दुसऱ्याने फोन उचलला नाही, आणि तिसऱ्याने आम्हीच माल पोहोचवला तर संख्येसह पावती आणि माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देण्याचे मान्य केले. फुगलेल्या बॅटऱ्या ते घेतात, परंतु वाळूच्या भांड्यातच आणाव्यात असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ते ऐकून तिसऱ्यावर विश्वास बसला. शेजारच्या दोन सोसायट्याही आपले फोन घेऊन येणार आहेत, म्हणजे गाडीभाडे तिघांत विभागले जाईल.

‘रांजणगाव’ यांना एक विचारायचे राहिले. ४४ पैकी सात फोनांत बॅटरी आतच चिकटलेली आहे आणि कारागीर ती काढायला तयार नाही. त्या फोनांना पावतीत वेगळे दाखवावे का?

रांजणगाव:

अवश्य दाखवा, आणि ते सात फोन बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात, वर ‘बॅटरी आत आहे’ असे ठळक लिहून द्या. पहिल्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला दिवसाला शेकडो फोन हाताळावे लागतात. ती चिठ्ठी पावतीपेक्षा तिच्या जास्त उपयोगाची आहे.